थरच्या उन्हाची वीज रात्री का मिळत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळवंटांवर सहा तासांत पडणारं ऊन सगळ्या जगाला वर्षभर पुरेल, असं वाचलं. आरशांनी उष्णता गोळा करायची, तिच्यावर वाफ आणि वाफेवर वीज, हे तंत्रही शंभर वर्षं जुनं. राजस्थानात एवढं मोठं वाळवंट पडून आहे, मग आपण अजून कोळसा का जाळतो? त्याला जोडून दुसरा प्रश्न: मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिने सोलर थर्मलमध्ये, म्हणजे या आरसे-वाफेच्या तंत्रात, जावं का?

मी आधी कोळशाच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर आणि नंतर जैसलमेरच्या बाजूला आरशांच्या प्रकल्पांवर काम केलं आहे. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसती दिवसा स्वस्त वीज हवी असेल तर पॅनल घ्या, आरशांच्या वाटेला जाऊ नका. आरशांचं मोल आहे ते त्यांनी गोळा केलेली उष्णता रात्रीसाठी धरून ठेवता येते यात. भारतात आपण आरसे लावले, टर्बाइन लावलं, आणि साठवणीची टाकी तेवढी लावली नाही.

सहा तासांचं ते गणित गेरहार्ड क्नीस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने लोकांपुढे आणलं. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर ते या विषयाकडे वळले. त्यांच्या विचारातूनच पुढे २००९ मध्ये ‘डेझर्टेक’ची औद्योगिक आघाडी उभी राहिली. २०५० पर्यंत युरोपची सुमारे १५ टक्के वीज सहारा आणि आसपासच्या वाळवंटांतून आणायची आणि त्यासाठी ४०० अब्ज युरो खर्च करायचे, असा बेत होता. २०१२ मध्ये सीमेन्स आणि बॉश त्यातून बाहेर पडल्या आणि मूळ रूपातली ती योजना विरून गेली. क्नीस यांचं गणित बरोबरच होतं. पण वीज कोणत्या वेळी लागते, कितीला परवडते आणि कोणाच्या जमिनीवरून न्यायची, हे प्रश्न त्या गणितात बसत नव्हते.

तंत्र जुनं आहे हेही खरं. फ्रँक शुमन या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये कैरोजवळ मादी इथे पन्हळीच्या आकाराचे पाच लांबलचक आरसे मांडून वाफ केली आणि त्या वाफेवर नाईलचं पाणी शेताला उपसून दाखवलं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि नंतर तेलाचं युग आलं. मग १९८४ ते १९९० या काळात कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात तशाच पन्हळी आरशांची नऊ केंद्रं उभी राहिली, एकूण ३५४ मेगावॉटची. आरशाच्या नाभीवर, जिथे किरण एकवटतात तिथे, काचेच्या निर्वात आवरणातली नळी, नळीतून वाहणारं तेल, ते ३९० अंशांपर्यंत तापायचं आणि पुढे पाण्याची वाफ करायचं. ही केंद्रं पंचवीस-तीस वर्षं चालली. म्हणजे ‘हे चालतं का’ हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे.

आता थर. इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्याकडचा धडा इथेच आहे आणि तो नीट सांगितला जात नाही.

पॅनलला कोणताही उजेड चालतो. ढगाआडचा, धुळीतून विखुरलेला, जमिनीवरून परतलेला. आरशाला फक्त सूर्याकडून सरळ रेषेत आलेले किरण लागतात, कारण विखुरलेला उजेड एका नळीवर एकवटता येत नाही. ढगाळ दिवशी भिंगाने कागद जाळायचा प्रयत्न केला असेल तर हे लगेच कळेल. या थेट उन्हाला आमच्या धंद्यात डीएनआय म्हणतात आणि प्रकल्पाचं सगळं भवितव्य या एका आकड्यावर असतं. चिलीच्या अटाकामा वाळवंटात तो वर्षाला चौरस मीटरमागे ३,००० युनिटांच्या वर जातो. मोरोक्कोच्या वारझाझातला अडीच हजारांच्या घरातला. थरमध्ये तो यापेक्षा बराच कमी आहे आणि त्याचं कारण धूळ.

बाहेरून येणाऱ्याला हे पटत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, अंगाची लाही होते, म्हणजे ऊन कडकच असणार! पण हवा तापलेली असणं वेगळं आणि किरण सरळ येणं वेगळं. मे-जूनमध्ये तिकडचं आकाश निळं नसतंच, पांढुरकं असतं. आंधी येऊन गेली की दोन-दोन दिवस बारीक धूळ हवेत तरंगत राहते. पॅनलवाल्याला त्यात थोडा फटका बसतो, आरशावाल्याचा अख्खा दिवस जातो. पुढे पावसाळी ढग येतात ते निराळेच. आमचे खरे चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चमधले आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले, जेव्हा आकाश धुतल्यासारखं स्वच्छ असतं.

जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये सुरू झालं. पहिल्या टप्प्यात पॅनल आणि सोलर थर्मल यांना साधारण निम्मा-निम्मा वाटा ठेवला होता. हे धोरण दूरदृष्टीचं होतं असं मी आजही मानतो. थर्मलचे सात प्रकल्प मिळून ४७० मेगावॉट वाटले गेले. केंद्रीय वीज नियामक आयोगाने ठरवलेला दर युनिटला १५ रुपये ३१ पैसे होता आणि त्यातून कमी करत बोली लावायची होती. बोली साडेदहा ते सव्वाबारा रुपयांपर्यंत उतरल्या. उभारणीला सुमारे २८ महिने दिले होते.

त्या वेळी थरमध्ये जमिनीवर मोजलेला डीएनआय जवळपास नव्हताच. बोली लावताना सगळ्यांनी उपग्रहांवरून काढलेले अंदाज वापरले. देशभरातली सौर मोजमाप केंद्रं बसायला लागली २०११ मध्ये, म्हणजे करारांवर सह्या झाल्यानंतर. प्रत्यक्ष मोजणीचे आकडे यायला लागले तेव्हा ते गृहीत धरलेल्यापेक्षा लक्षणीय खाली होते. बोलीतला दर ठरून गेला होता, ऊन मात्र कमी निघालं. मग तेवढ्याच विजेसाठी जास्त आरसे आले, जास्त जमीन आली आणि बँकांचे प्रश्न सुरू झाले. उष्णता वाहून नेणारं कृत्रिम तेल जगात मोजक्याच कंपन्या करत होत्या, नळ्या आणि वाकवलेल्या काचा परदेशातून यायच्या. अठ्ठावीस महिन्यांत हे सगळं जुळवणं कठीणच होतं.

अखेर ४७० पैकी २०० मेगावॉट उभे राहिले. जैसलमेर जिल्ह्यात नोख इथे ५० मेगावॉट, २०१३ मध्ये. आंध्रात अनंतपूरला ५०. आणि पोखरणजवळ धुरसर इथे १००, २०१४ मध्ये. धुरसरचं तंत्र वेगळं आहे. तिथे पन्हळीऐवजी सपाट, अरुंद आरशांच्या लांब पट्ट्या आहेत आणि नळीत थेट पाण्याचीच वाफ होते.

या तिन्हींत उष्णतेची साठवण नाही. ज्यांच्या आराखड्यात चार-चार तासांची साठवण होती असे प्रकल्प पूर्णच झाले नाहीत.

साठवण का नव्हती? कराराने ती मागितलीच नव्हती. दुपारी बाराची वीज आणि रात्री आठची वीज, दोन्हींना एकच दर. टाक्या आणि उष्णता धरून ठेवायला त्यांत भरायचं हजारो टन वितळलेलं मीठ यांचा खर्च कोण कशासाठी करेल? दराची रचनाच अशी केली की या तंत्राचा एकमेव मोठा गुण निरुपयोगी ठरावा, आणि मग त्याची तुलना पॅनलशी केली. त्या तुलनेत हे तंत्र हरणारच होतं. २०१७ मध्ये त्याच राजस्थानात भादला इथे पॅनलची वीज २ रुपये ४४ पैशांवर आली आणि सोलर थर्मलचं नाव सरकारी निविदांतून पुसलं गेल्यासारखं झालं. मला आजही याचं वाईट वाटतं, कारण नापास झाली ती दररचना, आणि शिक्का बसला तंत्रावर.

साठवण असण्या-नसण्याने केंद्राच्या कामात काय फरक पडतो, हे टर्बाइनवाल्याच्या नजरेतून सांगतो. कोळशाचं टर्बाइन एकदा फिरायला लागलं की आठवडेच्या आठवडे फिरत राहतं. साठवण नसलेल्या सौर केंद्रात ते रोज सकाळी थंडीतून उठवायचं, रोज संध्याकाळी निजवायचं. रोटर (आतला फिरता भाग) आणि केसिंग (बाहेरचं कवच) सारख्या वेगाने तापत नाहीत, म्हणून घाई करता येत नाही. सकाळचं चांगलं ऊन निम्मं तापवण्यातच जातं. त्यात अकराच्या सुमाराला एक ढग आला की वाफेचा दाब पडतो, मशीन ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं, पुन्हा पहिल्यापासून. मध्ये मिठाची टाकी असली की आरशांचं काम आणि टर्बाइनचं काम सुटं होतं. आरसे दिवसभर टाकी भरतात, टर्बाइनला ढगाचा पत्ताही लागत नाही, आणि ग्रीडला हवी त्या वेळी वीज देता येते.

हे मीठ म्हणजे ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट. खत कारखान्यांना ओळखीची रसायनं आहेत, महाग नाहीत, पेट घेत नाहीत. मोठ्या, नीट आवरण घातलेल्या टाकीत ते दिवसाला जेमतेम अंश-दोन अंश निवतं. स्पेनच्या ग्रॅनडा प्रांतातलं आंदासोल-१ हे केंद्र २००८ च्या अखेरीस सुरू झालं. ५० मेगावॉट, साडेसात तासांची साठवण, आणि त्यासाठी २८,५०० टन मीठ. सेव्हिलजवळच्या हेमासोलारला, जे २०११ मध्ये सुरू झालं, जवळपास २० मेगावॉट पंधरा तास चालवायला फक्त ८,५०० टन पुरतं. आंदासोलमध्ये उष्णता तेलातून मिठात जाते, म्हणून मीठ २९० ते ३९० अंशांच्या दरम्यानच खेळतं. हेमासोलारमध्ये जमिनीवरचे आरसे मनोऱ्याच्या टोकावर ऊन फेकतात आणि मीठच तिथे थेट ५६५ अंशांपर्यंत तापतं. गरम आणि थंड मिठाच्या दोन टाक्यांतल्या तापमानाचा फरक जवळपास तिप्पट, म्हणून त्याच उष्णतेला मीठ तितकं कमी. हेमासोलारने उन्हाळ्यात सलग कित्येक दिवस चोवीस तास वीज देऊन दाखवली.

पण मीठ सोपं नाही. २४० अंशांच्या आसपास ते गोठायला लागतं. एखाद्या व्हॉल्व्हवरचं हीट ट्रेसिंग, म्हणजे त्याला गरम ठेवणारी विजेची तार, बंद पडलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर त्या जागी दगड होतो आणि तो मोकळा करण्यात दिवस जातात. त्याहून गंभीर दुखणं गरम टाकीच्या तळाचं. रोज भरताना-उपसताना तळाचं पोलाद फुगतं-आकसतं, खालच्या पायाशी घासतं, आणि जोड उकलतो. नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्स या ११० मेगावॉटच्या केंद्रात २०१६ मध्ये गरम टाकी गळली, काही महिने काम बंद राहिलं आणि २०१९ मध्ये तर वीज देणंच थांबलं. मोरोक्कोच्या नूर-३ या १५० मेगावॉटच्या मनोऱ्याच्या केंद्रातही २०२४ मध्ये गरम टाकीच गळली आणि केंद्र दीर्घकाळ बंद राहिलं. सुटण्यासारखा हा प्रश्न आहे, टाकीच्या तळाची रचना, वेल्डिंग आणि तापवण्याचा वेग यांचा. पण तो सुटल्याशिवाय कुठलीही बँक निर्धास्तपणे कर्ज देणार नाही.

कॅलिफोर्नियातल्या इव्हानपाचं उदाहरण लोक नेहमी पुढे करतात. तीन मनोरे, एक लाख सत्तर हजारांहून जास्त आरसे, २०१४ मध्ये सुरू, आणि २०२५ च्या सुरुवातीला वीज घेणाऱ्या कंपनीने करार लवकर संपवण्याची तयारी जाहीर केली. ‘बघा, सोलर थर्मल मेलं,’ असं त्यावर म्हटलं गेलं. इव्हानपातही साठवण नव्हती. सकाळी बॉयलर लवकर तापावेत म्हणून तिथे नैसर्गिक वायू जाळला जायचा. आपल्याकडे झालं तेच तिथे मोठ्या प्रमाणावर झालं.

याच्या उलट दुबई पाहा. तिथल्या सौर पार्कमध्ये ७०० मेगावॉट थर्मल आणि २५० मेगावॉट पॅनल एकाच करारात बांधले आहेत. दिवसा पॅनल चालतात, आरसे त्या वेळात मीठ तापवतात आणि सूर्य मावळला की टर्बाइन सुरू. दर ठरला युनिटला ७.३ अमेरिकन सेंट, पस्तीस वर्षांसाठी. चीनमध्ये दुनहुआंगजवळ गोबीच्या कडेला १०० मेगावॉटचा मिठाचा मनोरा २०१८ पासून उभा आहे आणि तिकडे आता पॅनल, पवनचक्क्या आणि थोडं थर्मल असे एकत्र प्रकल्प बांधतात. मला ही मांडणी पटते. पॅनलशी स्पर्धा करायची नाही, पॅनल जिथे संपतात तिथे सुरू करायचं.

मग थरमध्ये आज हे करावं का? इथे प्रतिस्पर्धी कोळसा नाही, बॅटरी आहे, आणि ती झपाट्याने स्वस्त झाली. २०२२ मध्ये आपल्याकडच्या निविदेत दोन तासांच्या बॅटरीसाठी मेगावॉटमागे महिन्याला सुमारे १० लाख ८० हजार रुपये असा दर निघाला होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो अडीच लाखांच्या खाली आला. संध्याकाळच्या दोन-चार तासांसाठी आरसे आणि मीठ लावा, असं मी आज कुणालाही सांगणार नाही. ती जागा बॅटरीने घेतली.

आठ, दहा, बारा तासांचा प्रश्न वेगळा आहे. बॅटरीत तास दुप्पट करायचे तर खर्च जवळजवळ दुप्पट होतो. मिठात टर्बाइन, मनोरा, वाफेचं पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर तेच राहतात. वाढतात त्या टाक्या, मीठ आणि काही आरसे. शिवाय टर्बाइनचं जड फिरतं वजन ग्रीडची वारंवारता सावरून धरतं. कोळशाचे वीजसंच रात्री खरोखर बंद करायचे असतील तर त्यांच्या जागी असं काहीतरी लागेल. म्हणून थरमध्ये शंभर-दोनशे मेगावॉटचं, किमान दहा तास साठवणीचं आणि फक्त सूर्यास्तानंतरच्या विजेला दर देणारं एक केंद्र व्हावं, असं मला मनापासून वाटतं. दहा वर्षांहून अधिक काळाचे मोजलेले आकडे आता हाताशी आहेत. या वेळी अंदाजावर बोली लावायची गरज नाही.

दोन गोष्टींकडे मात्र डोळेझाक नको. पहिली पाणी. वाफेवर चालणारं केंद्र नेहमीच्या कूलिंग टॉवरवर चालवलं तर युनिटमागे तीन लिटरच्या आसपास पाणी जातं. जैसलमेरकडे हे पाणी इंदिरा गांधी कालव्याचं, ज्यावर माणसं, गुरं आणि शेती जगते. हवेने थंड करणारा कंडेन्सर लावला की गरज नव्वद टक्क्यांच्या आसपास कमी होते, पण ४५ अंशांच्या दुपारी टर्बाइनची वीजही घटते. रात्री चालणाऱ्या केंद्राला हा तोटा कमी बसतो, कारण वाळवंटातली रात्र लवकर निवते. साठवणीच्या बाजूचा हा मुद्दा फारसा कोणी मांडत नाही. आरसे धुवायला पाणी लागतं तेही धरावं, थरच्या धुळीत ते टाळता येत नाही.

दुसरी जमीन. ‘वाळवंट पडून आहे’ हे तुमचे शब्द कृपा करून सोडून द्या. एका मेगावॉटला, साठवण धरली तर, काही हेक्टर सपाट जमीन लागते आणि जैसलमेर-बाडमेरमध्ये सपाट दिसणारी बरीच जमीन ही ओरण आहे, देवाच्या नावाने राखलेली चराई. तिथे खेजडी आहे, बोर आहे, उंट आणि मेंढ्यांचे कळप आहेत. सरकारी दप्तरात तीच पडीक म्हणून नोंदलेली असते. माळढोक पक्षी, ज्याला तिकडे गोडावण म्हणतात, शेवटचा तग धरून आहे तो याच पट्ट्यात. आपल्या सोलापूरच्या नान्नज अभयारण्यातून तो कसा जवळपास नाहीसा झाला ते मराठी माणसाला सांगायला नको. विजेच्या तारांवर आपटून हा पक्षी मरतो म्हणून २०१९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जागा निवडताना धनगर-रेबारींना आधी विचारणं हे मी अभियांत्रिकीचाच भाग मानतो.

आता मुलीविषयी. २०२४ च्या अखेरीस जगभर सोलर थर्मल विजेची क्षमता ७ गिगावॉटच्या आसपास होती, पॅनलची १,८०० च्या वर. फक्त वाळवंटातल्या केंद्रांच्या भरवशावर करिअर बांधू नका. पण हीच विद्या कारखान्याच्या उष्णतेला लागते, आणि त्यात महाराष्ट्र मागे नव्हता. आयआयटी मुंबईच्या प्रा. शिरीष केदारे यांच्या कामातून ‘अरुण’ नावाची मोठी आरशांची डिश तयार झाली आणि २००६ च्या सुमाराला लातूरच्या महानंद दुग्धशाळेत दूध पाश्चराइझ करायला बसवली गेली. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ डिश बसवून वाफेवर स्वयंपाक सुरू झाला. आबू रोडला ब्रह्माकुमारींच्या ‘इंडिया वन’ केंद्रात ७७० डिश आहेत आणि उष्णता मिठाऐवजी ओतीव लोखंडात साठवतात. दुग्धशाळा, कापडगिरण्या, औषध कारखाने यांना १०० ते २५० अंशांची वाफ रोज लागते आणि ती अजून बहुतेक ठिकाणी कोळशावर, भुशावर किंवा गॅसवर होते.

तिला हीट ट्रान्सफर आणि धातूंचा थकवा हे दोन विषय पक्के करायला सांगा. चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर गरम मिठाच्या टाकीचा तळ घ्यावा: ५६५ अंशांवरचं स्टेनलेस स्टील, खालचा पाया आणि रोजचं फुगणं-आकसणं. त्यावर काम करणारे लोक आपल्या देशात फार थोडे आहेत, आणि नूर-३ सारख्या केंद्रांना नेमकं त्याचंच उत्तर हवं आहे.